वाऱ्याच्या वाटेनें : एस्बियर्गहून सीमेपर्यंत

नकाशांत राष्ट्रांच्या सीमा तांबड्या-निळ्या रेघांनीं दाखविलेल्या असतात, आणि शाळेंत असल्यापासून आपल्या डोळ्यांना त्यांची इतकी संवय होऊन जाते कीं, जमिनीवरही त्या तशाच आंखलेल्या असतील असें वाटूं लागतें. प्रत्यक्ष तेथें जाऊन उभें राहिलें म्हणजे दोन्ही बाजूंस तेंच गवत, तींच झाडें आणि तोच वारा आढळतो. रेघ कोठें आहे हें तेथील माणसांना विचारावें लागतें, आणि तीं सांगूं लागलीं म्हणजे तिच्यापायीं किती रक्त सांडलें आहे तें कळतें.

डेन्मार्क व जर्मनी यांच्यामधील सीमा ही अशीच एक रेघ आहे. उत्तर समुद्रावरील वाऱ्यापासून वीज करावी, त्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु काढावा आणि तो नळांतून सीमेपलीकडील कारखान्यांना पोंचवावा, असा घाट या दोन शेजाऱ्यांनीं गेल्या कांहीं वर्षांत घातला आहे. या उद्योगाची जी भूमि, ती आम्हीं पश्चिम जटलंडमधील एस्बियर्ग बंदरापासून थेट सीमेवरील फ्रोस्लेव्ह गांवापर्यंत हिंडून पाहिली. या लहानशा टापूंत वाचकांस सांगण्यासारखें पुष्कळ आहे. आज जिला नवी विद्या म्हणतात, तिचा दिवा एकशें तीस वर्षांपूर्वीं येथल्याच एका खेड्यांतील शाळेंत लागला होता. आणि सीमा बदलल्यामुळें त्या शाळेवर आपलें मूळ ठिकाण सोडून येण्याची पाळी आलेली होती.

एस्बियर्ग हें सुमारें ७० हजार वस्तीचें शहर आहे. त्याचा जन्मही एका पराभवांतूनच झाला. सन १८६४ च्या युद्धांत प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं डेन्मार्कचा मोड केला आणि श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रांत त्याच्या हातून गेले. त्यांबरोबर इंग्लंडकडे माल धाडण्याचीं पश्चिमेकडील बंदरेंही गेलीं. तेव्हां उरलेल्या किनाऱ्यावर नवें बंदर बांधणें प्राप्त झालें, व सन १८६८ त तसा कायदा होऊन, जेथें तुरळक शेतकऱ्यांचीं घरें होतीं तेथें एस्बियर्ग वसूं लागलें. या बंदरानें प्रथम इंग्लंडला लोणी व डुकराचें मांस पुरविलें. मग तें मासेमारीचें मोठें केंद्र झालें. सन १९७० नंतर उत्तर समुद्रांतील तेल व वायु यांच्या खाणकामाचा तळ झालें. आणि आतां पवनचक्क्यांचें माहेरघर म्हणून तें ओळखलें जातें. एका पिढीचा धंदा बसला म्हणजे दुसऱ्या पिढीनें हात बांधून बसावयाचें नाहीं, हा या गांवाचा स्वभावच दिसतो.

शहराच्या उत्तरेस किनाऱ्यावर चार शुभ्र मानवाकृति समुद्राकडे तोंड करून बसलेल्या आहेत. प्रत्येकीची उंची नऊ मीटर. स्वेन वीग हान्सेन या शिल्पकाराची ही कृति सन १९९५ त उभारली गेली. समोरच्या फानो बेटाकडे जाणाऱ्या नावेंतून आम्हीं मागें वळून बंदर पाहिलें, तेव्हां धक्क्यावर ओळीनें पवनचक्क्यांचे खांब उभे करून ठेवलेले आणि त्यांच्याशेजारीं लांबच लांब पातीं आडवीं मांडलेलीं दिसलीं. अलीकडच्या मोठ्या चक्क्यांचें एकेक पातें शंभर मीटरांहून अधिक लांब असतें. या चक्क्या जेथें उभ्या राहतात तें ठिकाण पाहावें म्हणून आम्ही ब्लोवन्सहुक या पश्चिमेकडील टोंकाला गेलों. तेथील दीपगृहापुढें, सुमारें १४ किलोमीटर समुद्रांत, हॉर्न्स रेव्ह नांवाच्या उथळ वाळूवर सन २००२ त ८० चक्क्या बसविण्यांत आल्या. त्या सर्वांची मिळून शक्ति १६० मेगावॅट. त्याच परिसरांत सन २०१९ त सुरू झालेल्या तिसऱ्या समूहांत अवघ्या ४९ चक्क्या असून त्यांची शक्ति ४०७ मेगावॅट आहे. सतरा वर्षांत एका चक्कीची ताकद चौपट झाली, हें या दोन आंकड्यांवरून सहज ध्यानांत येईल.

याच किनाऱ्याला लागून वाडन समुद्राचा उथळ पट्टा आहे. ओहोटीच्या वेळीं मैलोगणती चिखल उघडा पडतो व लक्षावधि पक्षी त्यावर उतरतात. या पक्ष्यांना तीन राष्ट्रांच्या हद्दींचा पत्ता नसल्यामुळें डेन्मार्क, जर्मनी व नेदर्लंड्स यांनीं सन १९७८ पासून या पट्ट्याच्या रक्षणासाठीं एकत्र काम चालविलें आहे, आणि आज तो तिघांचा मिळून जागतिक वारसा आहे. तेव्हां समुद्राचा विचार सामाईकपणें करण्याची संवय या शेजाऱ्यांना अगदींच नवी नाहीं.

या संवयीला मोठें रूप आलें तें युक्रेनवरील रशियाच्या स्वारीनंतर. रशियाच्या वायूवर आपली चूल किती अवलंबून होती, हें युरोपला त्या वर्षीं कळून चुकलें. ता. १८ मे २०२२ रोजीं एस्बियर्ग येथें डेन्मार्क, जर्मनी, नेदर्लंड्स व बेल्जम या चार देशांचे त्या वेळचे शासनप्रमुख जमले आणि त्यांनीं असा संकल्प सोडला कीं, चौघांनीं मिळून उत्तर समुद्रांत सन २०३० पर्यंत ६५ व सन २०५० पर्यंत १५० गिगावॅट शक्तीच्या पवनचक्क्या उभाराव्या. एक गिगावॅट म्हणजे दहा लक्ष किलोवॅट. आपल्या कोयना प्रकल्पाच्या सर्व वीजगृहांची शक्ति मिळून दोन गिगावॅटांहून किंचित् कमी भरते. त्यावरून संकल्पाचा आकार वाचकांनीं ताडावा. पुढल्या वर्षीं, एप्रिल २०२३ मध्यें, ओस्टेंड येथें नऊ देश एकत्र आले आणि संकल्प आणखी वाढला.

येथें कोणी विचारील कीं, वीज तारेनें पाठवितां येत असतां मध्येंच हा हायड्रोजनचा द्राविडी प्राणायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. जुन्या शास्त्रीय पुस्तकांत ज्याला उज्जवायु म्हणत तोच हा हायड्रोजन. पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे एका टोंकाशीं प्राणवायु व दुसऱ्या टोंकाशीं हा वायु निघतो. एक किलो हायड्रोजन काढण्यास सुमारें ५० ते ५५ युनिट वीज खर्चीं पडते आणि त्या वायूंत उपयोगीं येणारी शक्ति सुमारें ३३ युनिटांइतकीच असते. त्याची पुन्हां वीज करावयाची म्हटली तर मूळच्या विजेचा फार तर तिसरा हिस्सा, किंवा थोडा अधिक, हातीं लागतो. म्हणून जेथें तार पोंचते तेथें वीज विजेच्याच रूपानें वापरावी, हें शहाणपणाचें.

परंतु वारा हा कोणाच्या सोयीनें वाहत नाहीं. वादळी रात्रीं मागणीहून अधिक वीज होते व त्या वेळीं चक्क्या बंद ठेवण्याचा प्रसंग येतो. आमच्या गृहिणींना हा प्रकार परका वाटूं नये. झाडावरून एकदम भाराभर कैऱ्या उतरल्या म्हणजे त्या ताज्या खाऊन संपत नाहींत. मीठ, तेल, मसाला खर्चून त्यांचें लोणचें घालावें लागतें. खर्च होतो, नासधूस होते, पण वर्षाची बेगमी होते. शिवाय कांहीं कामें अशीं आहेत कीं, तीं नुसत्या विजेनें भागत नाहींत. लोखंडाच्या दगडांतून कोळशावांचून पोलाद काढावयाचें, खतांसाठीं अमोनिया करावयाचा, किंवा मोठ्या जहाजांना जळण पुरवावयाचें, तर हायड्रोजन लागतो. जर्मनीपाशीं असे कारखाने फार, व त्यांना पुरेल इतका वारा मात्र कमी. सन २०३० त लागणाऱ्या हायड्रोजनपैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून आणावा लागेल, असें त्या देशानें सन २०२३ च्या आपल्या धोरणांतच लिहून ठेविलें आहे. डेन्मार्कची स्थिति उलट : समुद्र मोठा, वारा उदंड आणि घरचें गिऱ्हाईक थोडें. एकापाशीं पीक, दुसऱ्यापाशीं भूक. मध्यें फक्त रेघ.

एस्बियर्गहून आगगाडीनें पूर्वेस निघालें म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत वायेन हें गांव लागतें. याच तालुक्यांत रेव्हसिंग येथें समुद्राखालून इंग्लंडहून आलेली ७६५ किलोमीटर लांबीची वीजवाहिनी येऊन मिळते. सन २०२३ च्या अखेरीस ती सुरू झाली. वायेनला लागूनच आस्कोव्ह आहे. आम्ही मुद्दाम आलों होतों तें येथील एक जुनी पवनचक्की व तिच्या जागेंतील संग्रहालय पाहावयास.

पौल ला कूर याचा जन्म सन १८४६ चा. तो हवामानशास्त्रज्ञ होता व तारायंत्रांतही त्यानें शोध लाविले होते. राजधानींत राहून नांव व पैसा मिळविण्याची वाट मोकळी असतां, सन १८७८ त तो आस्कोव्हच्या लोकविद्यालयांत शिक्षक म्हणून आला. लोकविद्यालय म्हणजे शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठीं परीक्षांचा जाच नसलेली, एकत्र राहून शिकावयाची शाळा. ग्रुन्टविग या धर्मोपदेशकाच्या व कवीच्या विचारांतून ही पद्धति निघाली. विजेचे दिवे शहरांत लागूं लागले तेव्हां ला कूरला चिंता पडली ती खेड्यांची. वीज फक्त शहराला मिळाली, तर खेड्यांतला तरुण खेड्यांत राहणार नाहीं, असें त्याचें मत होतें. खेड्यापाशीं कोळसा नव्हता. वारा मात्र होता. सन १८९१ त सरकारी मदत मिळवून त्यानें आस्कोव्ह येथें प्रयोगासाठीं पवनचक्की उभारली.

वारा कधीं जोराचा, कधीं मंद. ही शक्ति सांठवावी कशी? ला कूरनें चक्कीच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण केलें आणि हायड्रोजन टाकींत भरला. यासाठीं लागणाऱ्या यंत्राच्या कामीं इटलींतील पोंपेओ गारूती या संशोधकाच्या पद्धतीचा त्यानें आधार घेतला. म्हणजे डेन्मार्कचा वारा व इटलीची युक्ति यांचा हा संयोग होता. सन १८९५ पासून सन १९०२ पर्यंत या वायूच्या दिव्यांनीं शाळेंत उजेड पडत असे. वायूंत चुकून प्राणवायु मिसळला म्हणजे स्फोट होई, आणि शाळेच्या इमारतींच्या कांचा नव्यानें बसवाव्या लागत. परंतु प्रयोग थांबला नाहीं. सन १८९७ त अधिक मोठी चक्की झाली. पुढें त्यानें खेड्यांत वीज आणणारे तरुण तयार करण्यासाठीं वर्ग काढले. सन १९०४ च्या वर्गांतील योहान्नेस यूल या विद्यार्थ्यानेंच पुढें सन १९५७ त गेडसेर येथें तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभी केली. आजच्या समुद्रांतील चक्क्यांची ती आजी म्हणावयास हरकत नाहीं. शिक्षकानें लावलेलें रोप पन्नास वर्षांनीं फळाला येतें, हें शिक्षणाचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांनीं मनांत ठेवण्यासारखें आहे.

आस्कोव्हच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर कोंगेओ नदी वाहते. कोंगेओ म्हणजे राजाची नदी. नांव थोर, पण पात्र लहान, आमच्याकडील ओढ्याएवढें. सन १८६४ पासून सन १९२० पर्यंत हीच या भागांत डेन्मार्क व जर्मनी यांची सीमा होती. नदीच्या दक्षिणेस रोडिंग या गांवीं सन १८४४ त पहिलें लोकविद्यालय निघालें होतें. युद्धानंतर रोडिंग प्रशियाकडे गेलें, तेव्हां शिक्षकांनीं नदी ओलांडली आणि सन १८६५ त आस्कोव्ह येथें शाळा पुन्हां उघडली. ज्या शाळेंत वाऱ्यापासून काढलेल्या हायड्रोजनचा दिवा लागला, ती ही निर्वासित शाळा. नदीपलीकडे राहिलेल्या डेनिश लोकांची कथा अधिक दुःखाची आहे. पहिल्या महायुद्धांत त्यांच्यापैकीं सुमारें ३० हजार तरुणांना जर्मन सैन्यांतून लढावें लागलें, व त्यांतील पांच हजारांहून अधिक परत आले नाहींत. सन १९२० त लोकांचीं मतें घेऊन सीमा दक्षिणेस सरकली. उत्तर श्लेस्विग डेन्मार्कला मिळालें. तरी कांहीं जर्मन इकडे व कांहीं डेनिश तिकडे राहिलेच. सन १९५५ त दोन्ही सरकारांनीं आपापल्या देशांतील या अल्पसंख्य लोकांचे हक्क जाहीरपणें मान्य केले, तेव्हां कोठें मनें निवूं लागलीं.

तेथून आम्ही दक्षिणेस सीमेवरील फ्रोस्लेव्ह येथें आलों. झाडींत लांकडी बराकी व एक टेहळणीचा मनोरा आहे. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४४ त, जर्मन अंमलाखालील डेन्मार्कमध्यें ही बंदिशाळा उघडली गेली. आपल्या माणसांना जर्मनींतील छळछावण्यांत नेऊं नये, म्हणून ती येथेंच असावी असा डेनिश अधिकाऱ्यांचा आग्रह होता. सुमारें १२ हजार बंदी येथून गेले, आणि वचन दिलेलें असतांही त्यांपैकीं सुमारें १,६०० जणांना सीमेपलीकडे नेण्यांत आलेंच. या बराकी पाहतांना बोलणें सुचत नाहीं.

आणि हायड्रोजनचा नळ सीमा ओलांडणार तो याच गांवापाशीं. एस्बियर्गपासून एग्टवेडवरून फ्रोस्लेव्हपर्यंत, आणि तेथून पलीकडच्या एलुंड येथें जर्मनीच्या नळांना, असा त्याचा मार्ग आंखलेला आहे. जर्मनीनें आक्टोबर २०२४ मध्यें ९,०४० किलोमीटर लांबीच्या हायड्रोजन-नळांच्या जाळ्याला मंजुरी दिली असून, त्यांतील बराच भाग जुन्या वायुनळांचा उपयोग करून साधावयाचा आहे. एलुंडची वाट नवी नाहीं. डेन्मार्कच्या समुद्रांतील नैसर्गिक वायु याच वाटेनें जर्मनीला जात असे, आणि सन २०१९ नंतर डेन्मार्कचें मोठें वायुक्षेत्र दुरुस्तीसाठीं बंद होतें तेव्हां याच वाटेनें जर्मनीकडून वायु आला. मौज अशी कीं, येथेंच सीमेवर डेन्मार्कनें सन २०१९ त रानडुकरांचा रोग येऊं नये म्हणून ७० किलोमीटर लांबीचें कुंपण घातलें आहे. डुकरांना अटकाव आणि वायूला वाट, असे दोन्ही बेत एकाच रेघेवर चालले आहेत.

तथापि हें सारें सुरळीत चाललें आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. मार्च २०२३ मध्यें दोन्ही सरकारांनीं हा नळ सन २०२८ त सुरू करण्याचा हेतु जाहीर केला. पुढल्याच वर्षीं ती मुदत कित्येक वर्षें लांबली. डेन्मार्कनें उत्तर समुद्रांतील तीन जागांसाठीं निविदा मागविल्या होत्या, त्यांची मुदत डिसेंबर २०२४ मध्यें संपली तेव्हां एकही निविदा आलेली नव्हती. आगस्ट २०२५ मध्यें जर्मनीच्याही एका लिलावाची तीच गत झाली. व्याज चढलें, यंत्रें महागलीं, आणि सरकार पदरचें कांहीं देईना. चक्की उभारणारा म्हणतो, नळ नसतां माझी जादा वीज घेणार कोण? हायड्रोजन करणारा म्हणतो, गिऱ्हाईक लेखी बांधून घेतल्यावांचून कारखाना कसा काढूं? नळवाला म्हणतो, कारखानेच नाहींत तर नळांतून वाहावयाचें काय? आणि जर्मन पोलादवाला म्हणतो, भाव कळल्याशिवाय सही कशी करूं? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, अशांतला हा प्रकार. हा पेंच सोडविण्यासाठीं सन २०२५ त डेनिश सरकारनें नळाच्या पहिल्या वर्षांतील तोट्याला आठ अब्ज क्रोनरांहून अधिक आधार देऊं केला, सन २०३० चें साल ठरविलें, आणि समुद्रांतील चक्क्यांच्या निविदांच्या अटीही बदलल्या. जर्मन कारखान्यांच्या सोयीसाठीं आम्ही कर कां भरावा, असा प्रश्न यावर एखाद्या डेनिश करदात्यानें विचारला, तर तो तुच्छ मानून चालणार नाहीं.

आमच्याकडे भाऊबंदांच्या वांटण्या होतात तेव्हां शेतें, घर, भांडींकुंडीं सर्वांचे वांटे पडतात. विहीर मात्र सामाईक राहते. तेवढ्या एका विहिरीवरून पिढ्यानपिढ्या भांडणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि तिच्याच पाण्यावर दोघांचे मळे सुखानें पिकलेलेही पाहिले आहेत. भेद पाण्याचा नसतो. पाळ्या कोणाच्या, गाळ कोणीं उपसावयाचा, रहाट मोडला तर खर्च कोणीं किती सोसावयाचा, हें ज्यांनीं आधीं लिहून ठेविलें त्यांचें निभावतें. उत्तर समुद्राची गोष्ट हीच. पाण्यांतून हायड्रोजन काढण्याची विद्या आस्कोव्हच्या मास्तरास ठाऊक होती. त्याला लागला तो एक वारा व एक टाकी. आज वारा आहे, विद्या आहे, पैसाही आहे. अडतें आहे तें पाळ्या लिहिण्यापाशीं : चक्क्या एकाच्या पाण्यांत, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या भूमींत, मग तोटा कोणाच्या वहींत मांडावयाचा?

हें अशक्य आहे असें मात्र नाहीं. बाल्टिक समुद्रांत क्रिगर्स फ्लाक येथें डेन्मार्क व जर्मनी यांनीं आपापल्या पवनचक्क्यांचे समूह सन २०२० त तारेनें एकमेकांस जोडले. वारा असतांना त्या तारांतून समुद्रांतील वीज किनाऱ्यास येते, आणि वारा पडला म्हणजे त्याच तारांतून दोन देश एकमेकांना वीज देतात-घेतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांनीं एक सामाईक हिशेब लिहावयास घेतला आहे. त्यांत खाडाखोड होईल, मुदती चुकतील, कधीं चढ्या आवाजांत बोलणेंही होईल. पण विहीर बुजविण्यापेक्षां हें बरें. फ्रोस्लेव्हच्या त्या बराकींपासून कांहीं अंतरावर उद्यां जमिनीखालून नळ गेला, तर वरून तो कोणास दिसणारही नाहीं. गवत पूर्वींसारखेंच वाढेल. मात्र ज्या रस्त्यानें एके काळीं माणसें बांधून नेलीं, त्याच रस्त्यानें एका शेजाऱ्याची ऊब दुसऱ्याच्या घरीं जाऊं लागेल. आणि तेवढ्यासाठीं या लोकांनीं आणखी दहा वर्षें कागदांवर वाद घातला, तरी तो वेळ वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.